राहण्याजोगे गाव

गेल्या उन्हाळ्यात नागपूरहून गडचिरोलीला येणाऱ्या एस.टी.त आमच्या शेजारी एक तरुण सरकारी कर्मचारी बसला होता. उमरेड मागे पडले, भिवापूर गेले, नागभीडच्या पुढे दुतर्फा झाडी दाट होऊ लागली, तसा त्याचा चेहरा अधिकच उतरत गेला. शेवटी न राहवून त्याने खिशातला बदलीचा आदेश काढून आम्हाला दाखवला. "बायको म्हणते, काही चूक झाली का तुमच्या हातून?" तो म्हणाला. आम्ही त्याला धीर देण्यासाठी सांगितले की, आम्ही या भागात पाव शतकाहून अधिक काळ राहतो आहोत. त्याने आमच्याकडे क्षणभर निरखून पाहिले आणि अगदी गंभीरपणे विचारले, "फादर, तुमच्या हातून काय झालं होतं?"

आम्हाला हसू आवरले नाही. पण ब्रह्मपुरी सोडून बस वैनगंगेच्या पुलावर आली तेव्हा तोच प्रश्न मनात घर करून बसला. महाराष्ट्राच्या बोलण्यात गडचिरोली हे जिल्ह्याचे नाव कमी आणि शिक्षेचे नाव अधिक आहे. 'गडचिरोलीला पाठवीन' ही धमकी मंत्रालयापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत सर्वांना कळते. ज्या भूमीवर दहा लाखांहून अधिक माणसे जन्मतात, शेती करतात, लग्ने लावतात आणि म्हातारी होतात, ती भूमी इतरांना शिक्षा का वाटावी? आणि उलट, एखादे गाव वा शहर राहण्याजोगे आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय मोजत असतो?

मोजण्याची साधने आज पुष्कळ आहेत. लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' समूहाची संशोधन संस्था दरवर्षी जगातील शहरांची क्रमवारी लावते. स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सोयी अशा पाच कसोट्यांवर शहरांना गुण दिले जातात. २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे व्हिएन्ना पहिले होते. २०२५ मध्ये तो मान कोपनहेगनला मिळाला. आपल्या केंद्र सरकारनेही २०१८ साली १११ शहरांची अशीच यादी केली आणि त्यात पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी व मुंबई तिसरी आली. त्या आधी, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्राच्या मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक १.०० होता आणि गडचिरोलीचा ०.२१. राज्यात शेवटचा. २०१८ साली केंद्राने 'आकांक्षित जिल्हे' निवडले, त्यांतही महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांमध्ये गडचिरोली होतीच.

या आकड्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. त्या ०.२१ मध्ये कुपोषित बालके आहेत, मलेरियाने फणफणलेली माणसे आहेत, शिक्षक नसलेल्या शाळा आहेत. हे आम्ही पाहिले आहे. परंतु जागतिक यादीविषयीची एक गोष्ट मोठी उद्बोधक आहे. परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्यांना गैरसोयीचा भत्ता किती द्यावा, हे कंपन्यांना ठरवता यावे हा अशा मोजणीचा एक मुख्य उपयोग. म्हणजे 'येथे राहणे कितपत सुसह्य आहे', हा प्रश्न बाहेरून येणाऱ्यासाठी विचारलेला आहे. आमच्याकडेही नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रोत्साहन भत्ता मिळतो. त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माडियाला मात्र तेथे राहिल्याबद्दल कोणी भत्ता देत नाही; आणि त्याला तो मागावासाही वाटत नाही.

तेव्हा त्याला विचारले तर तो काय मोजील?

तो प्रथम जंगल मोजील. जिल्ह्याचा बहुतांश भूभाग आजही वनाच्छादित आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात तेव्हा घरातली सारी माणसे टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम. मग चारोळी, बांबू, पावसाळ्यात रानभाज्या आणि सात्या. नंतर तो पाणी मोजील. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव, ज्यांना येथे 'मामा तलाव' म्हणतात, हा या प्रदेशाचा खरा खजिना. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजणारी जमीन मिळेल, असे चांद्याच्या गोंड राजांचे धोरण होते, ही आठवण येथील परंपरेने जपली आहे. प्रदेश राहण्याजोगा कसा करावा याचा इतका सुटसुटीत कायदा क्वचितच सापडेल. ज्याने सर्वांसाठी पाणी अडवले, त्याचेच घर तेथे रुजावे, एवढाच त्याचा अर्थ.

चंद्रपूर वसले त्याची आख्यायिकाही अशीच बोलकी आहे. खांडक्या बल्लाळशाह राजाला अंगभर व्याधी जडली होती. झरपट नदीच्या पात्रातील एका लहानशा कुंडातले पाणी लागून त्याला आराम पडला. पुढे त्याच परिसरात कपाळावर चांद असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. जेथे सशाला बळ येते ती भूमी साधी नव्हे, असे मानून राजाने त्यांच्या धावेच्या मार्गावरून नगराचा परकोट आखला, असे सांगतात. आख्यायिकेला इतिहास म्हणू नये, हे आम्ही जाणतो. तरीपण नगर कोठे वसवावे याची कसोटी म्हणून लोकांनी मनात काय जपले ते पाहावे: आजाऱ्याला जेथे बरे वाटते आणि दुबळ्याला जेथे पाठलाग करणाऱ्याची भीती वाटत नाही, ती जागा.

या कसोटीवर आजचे चंद्रपूर उतरते का? जटपुरा दरवाजातून आत शिरताना आमच्या मनात हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या वर जातो, तो निसर्गाचा भाग झाला. परंतु २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा ४३ क्षेत्रे अतिप्रदूषित ठरली आणि ८३.८८ गुणांसह चंद्रपूर त्या यादीच्या अगदी वरच्या टोकाला होते. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि २९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र या जिल्ह्याच्या छातीवर उभे आहेत. सरकारी मालकीच्या वीज केंद्रांत राज्यात हेच सर्वांत मोठे. येथली वीज राज्याच्या जाळ्यात जाते, राख येथे राहते. पुण्या-मुंबईला राहण्याजोगेपणाचे गुण मिळाले, त्यांतल्या काही गुणांवर चंद्रपूरच्या धुरांड्यांचा हक्क आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये. एका गावाचा उजेड दुसऱ्या गावाच्या खोकल्यावर उभा असेल, तर दोन्ही गावांचे गुण एकाच वहीत लिहायला हवेत.

तरीही लोक येथे राहतात. नुसते नाइलाजाने नव्हे, आपुलकीने राहतात. २०१७ साली 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाची स्वच्छता हाती घेतली. झुडपांनी आणि कचऱ्याने गिळलेले बुरूज त्यांनी शेकडो दिवस खपून मोकळे केले. जे गाव सोडून जायचे आहे, त्याची भिंत कोणी झाडत बसत नाही. आमच्या उपासनेला येणाऱ्यांत मल्याळी आहेत, तमिळ आहेत, तेलुगू आहेत. कोणाचा बाप खाणीवर आला, कोणाचा बल्लारपूरच्या कागद कारखान्यात, कोणाचा भद्रावतीच्या आयुध निर्माणीत. त्यांची नातवंडे आता आम्हाला चांद्याच्या ठसक्यात मराठी ऐकवतात. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित झालेल्या बंगाली कुटुंबांनाही १९६० च्या दशकात याच दोन जिल्ह्यांत वसवण्यात आले. परक्याला वस्ती करू देणे हासुद्धा भूमीचा एक गुण आहे. तो कोणत्या रकान्यात लिहावा?

आणखी एक आकडा आम्ही अनेकदा सांगतो. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात ८९४ होती. बीड जिल्ह्यात ती ८०७ पर्यंत खाली गेली होती. शेवटच्या क्रमांकाच्या या गडचिरोलीत ती ९६१ होती. जेथे मुलीला जन्माला येऊ दिले जाते, त्या जिल्ह्याला मागास म्हणताना जीभ थोडी अडखळावी.

असा सगळा हिशेब आम्ही पाहुण्यांना मोठ्या उत्साहाने मांडत असू. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचे नाव त्यात हटकून येई. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या छोट्याशा गोंड गावाने ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत बसवली. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क कायद्याने मिळवला. आणि २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा परवाना हाती घेतला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाने हक्क मिळाल्यावर तेंदूपाने तोडायचीच नाहीत असे ठरवले. झाड ओरबाडले गेले तर फळ पाखरांना आणि पोरांना मिळणार नाही, हे त्यामागचे एक कारण. आपल्या भोवतालाविषयी आपला शब्द चालतो, ही भावना माणसाला कोणत्याही रुंद रस्त्याहून अधिक स्थिर करते, असे आम्ही म्हणत असू. आजही म्हणतो. पण आता पूर्वीच्या सुरात म्हणत नाही. त्याला एक कारण घडले.

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी नागपूरला परिचारिकेचे शिक्षण घेऊन परतली होती. घराजवळच्या आरोग्य केंद्रात तिला कंत्राटी काम मिळत होते आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयातूनही बोलावणे आले. ती सल्ला विचारायला आली. आमच्यापाशी प्रवचन तयारच होते. आपली माणसे, आपली भाषा, आपले जंगल. शिकलेल्यांनीच पाठ फिरवली तर या भूमीने कोणाकडे पाहावे? तिने खाली मान घालून सारे ऐकून घेतले. मग हळूच म्हणाली, "फादर, तुम्ही म्हणता ते बरोबर हाये. पन तुमाले परत जायले घर हाये न? आमाले हेच हाये."

आम्ही निरुत्तर झालो. कारण तिच्या त्या वाक्यामागे एक पावसाळा उभा होता आणि तो आम्हालाही ठाऊक होता. ती आठ-नऊ वर्षांची असताना तिच्या थोरल्या बहिणीला अवेळी कळा सुरू झाल्या. नाल्याला पूर. खाट उलटी करून, दोऱ्या बांधून, चौघांनी ती खांद्यावर घेतली. आम्ही कंदील धरून मागून चालत होतो. नाल्याच्या काठी पाणी उतरण्याची वाट पाहत रात्र गेली. पहाटे बहीण वाचली, बाळ वाचले नाही. त्या रात्री ही चिमुरडी आमच्या झग्याचे टोक धरून उभी होती. पुढे कित्येक वर्षे पाहुण्यांपुढे अरण्याच्या सौंदर्यावर बोलताना आम्ही त्या नाल्याचा उल्लेख टाळत आलो, हे तिच्या प्रश्नाने आमच्या लक्षात आणून दिले.

जंगलाची स्तुती करणे सोपे असते. विशेषतः ज्याचा परतीचा रस्ता खुला असतो त्याला. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम पाहून पर्यटक हरखून जातो. पण पर्लकोटेला पूर आला की आलापल्लीचा रस्ता बंद होऊन साऱ्या तालुक्याचा संपर्क तुटत आला आहे. ताडोबात वाघ दिसला म्हणून लोक आनंदाने फोटो काढतात. आणि मे २०२५ मध्ये त्याच चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. चार दशके बंदुकांच्या दोन्ही बाजूंमध्ये सापडलेल्या गावांनी काय भोगले, ते तर सर्वश्रुत आहे. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मरण पावले. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा अनेक घरांतून सुटकेचा निःश्वास ऐकू आला. जेथे रात्री दारावर थाप पडली की घरातले सारे श्वास रोखतात, तेथे मोहाचा सुगंध पुरेसा नसतो.

मग सुरक्षा, रस्ता, दवाखाना आले की गाव राहण्याजोगे झाले, असे समजावे का? येथे आम्हाला आमचे स्वतःचे जन्मगाव आठवते. आम्ही वसईचे. आमच्या लहानपणी प्रत्येक वाडीत विहीर होती, केळी होती, फुलांचे ताटवे होते. लोकल गाड्या होत्या, शाळा होत्या, रुग्णालये होती. थोडक्यात, कोणत्याही यादीत बसावे असे सारे होते. म्हणूनच सर्वांना तेथे यावेसे वाटले. विहिरींचे पाणी टँकरमधून विकले गेले, वाड्यांवर इमारती चढल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून जो लढा दिला, तो या वाचकवर्गाला सांगायला नको. २०११ साली वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. हवेहवेसेपणा हाच गावाचा वैरी होऊ शकतो, हे आम्ही घरीच शिकलो. उद्या सुरजागडच्या लोहखनिजामागून रुंद रस्ते आले, कोनसरीच्या कारखान्यामागून वसाहती आल्या, तर गडचिरोली कदाचित यादीत वर चढेल. परंतु त्या वेळी मोह वेचणारी बाई कोठे असेल, हे आधी विचारावयास हवे.

सेमिनरीत असताना आम्ही ॲरिस्टॉटलचे 'पॉलिटिक्स' अभ्यासले. नगर नुसते जगण्यासाठी उभे राहते, पण ते टिकावे लागते चांगले जगण्यासाठी, असा त्याचा एक विचार आहे. तेव्हा तो परीक्षेपुरता पाठ केला. त्या नाल्याकाठी त्याचे दोन्ही भाग एकदम समजले. पुरातून दवाखान्यात पोहोचणे हे नुसते जगणे. ते आधी हवे. त्याला पर्याय नाही, त्यावर कविता नाही. आणि आपल्या जंगलाचे काय व्हावे हे आपणच बसून ठरवणे, हे चांगले जगणे. सरकार पहिले देण्याच्या मोबदल्यात दुसरे मागते, आणि आमच्यासारखे भाविक दुसऱ्याचे गुणगान करताना पहिले विसरतात. दोन्ही एकत्र आणता येतात, याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. ३९ गावांतील या प्रयोगाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला आणि पुढे ती पद्धत देशभर आशा कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे हेमलकशाला राहिले, तेही माणसांना त्यांच्या जागेवरून न हलवता त्यांच्यापर्यंत दवाखाना आणि शाळा नेण्यासाठीच. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे; २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तेथून शिकलेली मुले कोठे राहतील, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

त्या मुलीने पुण्याची नोकरी घेतली. शिफारसपत्र आम्हीच लिहिले, आणि मन मोठे करून नव्हे, थोडे ओशाळून लिहिले. तिच्या गावी राहणे हा तिचा पर्याय व्हायला हवा होता. तो तिच्यावर लादलेला निरुपाय होता आणि आम्ही त्याला कर्तव्याचे नाव देत होतो. जाताना तिने विचारले, "नाल्यावर पूल झाला की सांगाल न?" तेव्हापासून ग्रामसभेच्या ठरावाची प्रत घेऊन आम्ही कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतो आहोत. पूल अद्याप झालेला नाही.

दरम्यान आमच्या प्रांताधिकाऱ्यांचेही पत्र आले. वय झाले, आता वसईला परत या, आई थकली आहे, तिच्याजवळ राहा, असे त्यांनी मायेने लिहिले होते. परत जायला घर आहे, हे त्या मुलीचे म्हणणे असे लेखी स्वरूपात हाती आले. आम्ही आईला फोन केला. तिने सारे ऐकून विचारले, "तुझ्याकडं विहिरीला पाणी गोड आहे का रे?" गोड आहे म्हणालो. "मग राहा," ती म्हणाली. आम्ही आणखी तीन वर्षे मागून घेतली आहेत. त्यात त्याग नाही. पुलाचे काम अर्धवट सोडून जाण्याची लाज आहे.

परवा गडचिरोलीच्या बाजारात तो एस.टी.तला तरुण पुन्हा भेटला. सोबत बायको होती आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. तिला इथल्याच शाळेत घातले आहे म्हणाला. बायकोच्या पिशवीत मोहाची फुले होती. त्यांचे काय करतात ते तिने भाजीवालीकडून नीट समजून घेतले होते. आम्ही त्याला बदलीविषयी काही विचारले नाही. निघताना तोच थांबला आणि म्हणाला, "फादर, इथं लहान मुलींची सायकल कुठं मिळेल हो?"